समुद्रातलं ईएम सर्वेक्षण: जहाज निघण्याआधी काय ठरवायचं आणि आलेल्या चित्रावर किती विसंबायचं

रविवारी सकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी चार-पाच मुलं येतात. काही विद्यापीठात भूशास्त्र शिकतात, काही नुकतीच नोकरीला लागली आहेत. मागच्या महिन्यात त्यांच्यातल्या एका मुलीने लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला. समुद्रातल्या ईएम, म्हणजे विद्युतचुंबकीय, सर्वेक्षणाचा डेटा तिने सरावासाठी घेतला होता आणि त्याचं इन्व्हर्जन केलं होतं, म्हणजे मोजलेल्या आकड्यांवरून खालचा खडक कसा असेल त्याचं चित्र काढलं होतं. निळ्या-हिरव्या पट्ट्यांमध्ये एक ठसठशीत लाल भिंग दिसत होतं, म्हणजे विजेला जास्त अडवणाऱ्या खडकाचा भिंगाच्या आकाराचा डाग.

“सर, इथे सत्तर ओहम-मीटर येतंय. म्हणजे हायड्रोकार्बनच ना?”

“पाणी किती खोल आहे?”

“पंचाहत्तर मीटर.”

“बॅकग्राउंड मॉडेल कुठून घेतलंस?”

“शेजारच्या विहिरीच्या लॉगवरून. इंडक्शन लॉग होता.”

बॅकग्राउंड मॉडेल म्हणजे साठा नसताना तिथला खडक कसा असेल याचं आधी धरलेलं चित्र. इंडक्शन लॉग म्हणजे विहिरीत उपकरण सोडून खोलीगणिक मोजलेली खडकाची रोधकता.

चूक लाल भिंगात नव्हती. ती ह्या दोन उत्तरांत होती, म्हणजे इन्व्हर्जनचं बटण दाबण्याच्या कितीतरी आधी झालेली होती. हीच गडबड मी इतक्यांदा पाहिली आहे की सगळा क्रम एकदा नीट लिहून काढावा असं वाटलं. हा लेख समुद्रतळावर रिसीव्हर ठेवून, जहाजामागून सोर्स ओढत केलेल्या सर्वेक्षणाबद्दल आहे. आपण त्याला सीएसईएम (कंट्रोल्ड-सोर्स इलेक्ट्रोमॅग्नेटिक) म्हणतो. सोर्स खाली विद्युत क्षेत्र सोडतो, रिसीव्हर ते मोजतात.

## १. प्रश्न एका वाक्यात लिहा

सीएसईएम तेल शोधत नाही. ते खडकाची रोधकता मोजतं, म्हणजे खडक विजेच्या प्रवाहाला किती अडवतो ते. तेव्हा “इथे तेल आहे का?” हा प्रश्न त्याला विचारताच येत नाही. विचारायचं ते असं: “सिस्मिकवर, म्हणजे ध्वनिलहरींच्या सर्वेक्षणात, दिसणारी ही रचना समुद्रतळाखाली १५०० मीटरवर आहे. तिच्यात ५० मीटर जाडीचा, आजूबाजूपेक्षा वीसपट रोधक थर असेल, तर तो आपल्याला दिसेल का?”

वाक्यात खोली, जाडी, लांबी-रुंदी (वरच्या नमुन्यात तीच राहिली आहे) आणि रोधकता असे चार आकडे हवेतच. सिस्मिकवर रचनाच सापडलेली नसेल तर इथे थांबा. कोऱ्या समुद्रात ईएम नेऊन “काय मिळतंय ते पाहू” म्हणालात, तर काहीतरी मिळेल आणि त्याचा अर्थ कुणालाही लावता येणार नाही.

तपासा: चारही आकडे कागदावर आले का? एखादा अंदाजाचा असेल तर त्याची कमाल आणि किमान किंमतही लिहा.

## २. तेल असतं तर रोधकता किती वाढली असती?

इथे आर्चीचं समीकरण वापरायचं: छिद्रांतल्या पाण्याची रोधकता घ्या, तिला सच्छिद्रतेच्या घाताने आणि छिद्रांतल्या पाण्याच्या प्रमाणाच्या घाताने भागा. एक उदाहरण हाताने करून पाहा. वाळूखडकाची सच्छिद्रता २५ टक्के, छिद्रांतल्या खाऱ्या पाण्याची रोधकता ०.१ ओहम-मीटर, दोन्ही घातांक २ धरू.

छिद्रं पूर्ण पाण्याने भरलेली असली तर खडकाची रोधकता १.६ ओहम-मीटर येते. पाणी ८० टक्क्यांवर आलं, म्हणजे २० टक्के वायू शिरला, तर २.५. निम्मं पाणी असेल तर ६.४. पाणी फक्त २० टक्के उरलं तर ४०.

हे चार आकडे भिंतीवर लावून ठेवावेत असे आहेत, कारण ह्या तंत्राचं खरं बळ त्यांच्यात आहे. सिस्मिक लहरींचा वेग थोडासा वायू शिरला तरी दणकन खाली येतो आणि मग वायू वाढत गेला तरी फारसा हलत नाही. म्हणूनच नुसत्या बुडबुड्यांची वाळूही सिस्मिकवर भरल्या साठ्यासारखी चमकते आणि कोरडी विहीर पदरात पडते. रोधकतेचं उलटं आहे. थोड्या वायूला ती दाद देत नाही, साठा भरगच्च असेल तरच उसळते. सिस्मिक जिथे फसतं नेमकं तिथे ईएम कामाला येतं.

मर्यादाही ह्याच गणितात दिसते. खडक चिकणमातीने भरलेला असेल किंवा छिद्रांतलं पाणी गोडसर असेल, तर साधी आर्ची लागू पडत नाही आणि तेलाचा आणि पाण्याचा खडक यांतला फरकच पुसट होतो. असा साठा ईएमला दिसत नाही.

## ३. बॅकग्राउंड मॉडेल: सगळ्यात जास्त चुका इथे

ही पायरी घाईने उरकू नका. मी इथे मुद्दाम रेंगाळणार आहे.

प्लास्टिकचा टब घ्या, त्यात मिठाचं पाणी भरा आणि एक प्लास्टिकचं ताट पाण्यात आडवं टांगा. वरून खाली वाहणाऱ्या प्रवाहाला ताट अडवतं, त्याला कडेने वळसा घालावा लागतो. पण डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या प्रवाहाला ताटाची फक्त कड आडवी येते, त्याचं जवळपास काहीच अडत नाही. ताट तेच, पाणी तेच. प्रवाहाची दिशा बदलली की उत्तर बदललं.

समुद्राखालचा शेल, चिकणमातीचा थरांचा खडक, म्हणजे अशा असंख्य पातळ ताटांची चळत. त्याची उभी रोधकता आडव्या रोधकतेच्या दुप्पट, तिप्पट, कधी त्याहून जास्त असते. यालाच आपण ॲनआयसोट्रॉपी म्हणतो. उभ्या विहिरीत सोडलेला इंडक्शन लॉग आडवी रोधकता मोजतो. सीएसईएममध्ये सोर्सच्या रेषेतच ठेवलेला रिसीव्हर, म्हणजे इनलाइन डेटा, मुख्यतः उभ्या रोधकतेला प्रतिसाद देतो.

आता त्या मुलीचं उत्तर पुन्हा वाचा. तिने लॉगमधली १.५ ओहम-मीटर रोधकता जशीच्या तशी दोन्ही दिशांना धरली. प्रत्यक्ष शेलची उभी रोधकता ३ असेल, तर मोजलेलं क्षेत्र मॉडेलपेक्षा सगळीकडेच जास्त येणार. हा जादा भाग कुठेतरी बसवायचा म्हणून सॉफ्टवेअर तो जिथे जागा मिळेल तिथे कोंबतं, आणि आपल्याला तिथे भिंग दिसतं.

कृष्णा-गोदावरी खोऱ्यातलं एक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगं आहे. २००६ सालच्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट मोहिमेत तिथल्या एका विहिरीत चिकणमातीच्या उभ्या-तिरप्या भेगांमध्ये हायड्रेट, म्हणजे बर्फासारख्या रूपात अडकलेला वायू, साचलेलं सापडलं. नुसत्या रोधकता-लॉगवरून साध्या आर्चीने काढलेलं हायड्रेटचं प्रमाण प्रत्यक्षापेक्षा फुगून आलं, कारण भेगांची दिशा हिशेबातच धरलेली नव्हती. तिथे तर थेट विहिरीत मोजमाप झालं होतं. आपण दीड-दोन किलोमीटर वरून मोजतो.

मग करायचं काय?

क. त्रि-अक्षीय इंडक्शन लॉग उपलब्ध असेल तर तो मागवा. त्यात दोन्ही रोधकता मिळतात.

ख. नसेल तर उभ्या आणि आडव्या रोधकतेचं गुणोत्तर १, २ आणि ३ धरून तीन वेगवेगळी मॉडेलं बनवा. पुढची प्रत्येक पायरी तिन्हींवर करा.

ग. समुद्राच्या पाण्याची रोधकता पुस्तकातून उचलू नका. ०.३ ओहम-मीटर हा ढोबळ आकडा झाला. तापमान आणि क्षारतेप्रमाणे ती खोलीगणिक बदलते. सर्वेक्षणाच्या वेळी मोजलेलं प्रोफाइल वापरा.

सावध: विहीर वीस किलोमीटर दूर असेल आणि मध्ये फॉल्ट (खडक सरकलेला तडा) असेल, तर तिचा लॉग तुमच्या जागेचा नाही.

## ४. फॉरवर्ड मॉडेलिंग: दिसेल की नाही, हे आधीच काढा

आधी कागदावर. स्किन डेप्थ म्हणजे ज्या अंतरावर क्षेत्र ३७ टक्क्यांवर येतं ते अंतर. सूत्र सोपं आहे: रोधकतेला फ्रीक्वेन्सीने भागा, वर्गमूळ काढा, ५०३ ने गुणा. उत्तर मीटरमध्ये येतं.

१ ओहम-मीटर खडकात ०.२५ हर्ट्झला स्किन डेप्थ सुमारे १००० मीटर, १ हर्ट्झला सुमारे ५००. लक्ष्य १५०० मीटर खाली आहे असं धरा. ०.२५ हर्ट्झला जाताना दीड आणि येताना दीड, मिळून तीन स्किन डेप्थ होतात, म्हणजे क्षेत्राचा सुमारे ५ टक्के भाग उरतो. १ हर्ट्झला सहा होतात आणि पाव टक्का उरतो. म्हणून खोल लक्ष्याला कमी फ्रीक्वेन्सी लागते. पण फ्रीक्वेन्सी जितकी कमी तितकं चित्र धूसर. हा सौदा टळत नाही. साधारण तीन किलोमीटरच्या खाली गेल्यावर, लक्ष्य फारच मोठं नसेल तर, हाती काही ठोस लागणं कठीण.

आता पाण्याची खोली. सोर्समधून निघालेल्या क्षेत्राचा एक भाग वर जातो, पृष्ठभागालगत हवेतून जवळपास विनाअडथळा पळतो आणि पुन्हा खाली रिसीव्हरपर्यंत येतो. ही एअरवेव्ह. तिला खडकाबद्दल काहीच ठाऊक नसतं. ०.२५ हर्ट्झला समुद्राच्या पाण्यात स्किन डेप्थ सुमारे ५५० मीटर असते. पाणी १५०० मीटर खोल असेल तर वर आणि खाली मिळून ३००० मीटर जाताना एअरवेव्ह अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते. पाणी ७५ मीटर असेल तर १५० मीटरच्या प्रवासानंतरही तिचा तीन-चतुर्थांश भाग शाबूत राहतो आणि लांबच्या ऑफसेटवर (सोर्स आणि रिसीव्हरमधलं अंतर) तीच सगळं व्यापून टाकते.

बॉम्बे हायच्या आसपास पाणी साधारण एवढंच आहे. आपल्याला जवळचं खंबातचं आखात तर आणखी उथळ, आणि तिथली भरती-ओहोटी देशात सगळ्यात मोठ्यांपैकी. पाण्याच्या त्या धावण्याने रिसीव्हर हलतो, आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून खारं पाणी वाहिलं की स्वतःचं विद्युत क्षेत्रही तयार होतं. बडोद्यातल्या मुलांना ही जागा डोळ्यांसमोर असते, म्हणून ती पहिला विचार इथलाच करतात. सीएसईएमची पारंपरिक पद्धत इथे नेण्याआधी दहा वेळा विचार करा. उथळ पाण्यासाठी जहाजामागून सोर्स आणि केबल दोन्ही ओढण्याची पद्धत आहे, सोर्स बंद केल्यावर क्षेत्र वेळेबरोबर कसं घटतं ते पाहणारी टाइम-डोमेन पद्धत आहे. त्या एअरवेव्हचा त्रास कमी करतात, नाहीसा करत नाहीत.

मॉडेलिंग असं करा:

क. लक्ष्यासह आणि लक्ष्याशिवाय अशी दोन उत्तरं काढा. त्यांतला फरक टक्क्यांत मांडा, प्रत्येक ऑफसेट आणि फ्रीक्वेन्सीसाठी.

ख. जिथे फरक मोठा दिसतो तिथे सिग्नल आवाजाच्या (नॉइज, म्हणजे नको असलेल्या विद्युत गोंधळाच्या) पातळीच्या वर आहे का, ते त्याच आलेखावर पाहा. फरक ६० टक्के असून सिग्नल आवाजात बुडालेला असेल तर त्याचा उपयोग शून्य.

ग. एकमितीय मॉडेलवर भागवू नका. त्यात थर अनंत पसरलेला असतो, म्हणून उत्तर नेहमी आशादायक येतं. लक्ष्याची रुंदी त्याच्या खोलीपेक्षा कमी असेल तर त्रिमितीय मॉडेलमध्ये तो प्रतिसाद पार कोसळतो.

घ. तिसऱ्या पायरीतली तिन्ही मॉडेलं चालवा. गुणोत्तर १ वरून २ केल्याने पडणारा फरक लक्ष्यामुळे पडणाऱ्या फरकाएवढाच असेल, तर तुम्ही साठा मोजणार नाही, शेल मोजणार.

तपासा: मोजमापातली एकूण अनिश्चितता ५ टक्के धरली, तर लक्ष्याचा प्रतिसाद निदान तिच्या दुप्पट-तिप्पट हवा. नसेल तर सर्वेक्षण करू नका असं लिहून द्या. हा अहवाल लिहायला धीर लागतो. पण जहाजाचं भाडं वाचवणारा कागद तोच असतो.

## ५. मांडणी

रिसीव्हर फक्त लक्ष्याच्या डोक्यावर ठेवू नका. दोन्ही बाजूंना, लक्ष्य संपल्यावरही काही किलोमीटर रांग पुढे न्या, नाहीतर “नेहमीचं” कसं दिसतं हे कळायला जागाच उरत नाही. शक्य असेल तर एक रांग कोरड्या ठरलेल्या विहिरीवरून आणि एक ज्ञात साठ्यावरून न्या.

सोर्सच्या रेषेबाहेरही काही रिसीव्हर ठेवा. त्या ब्रॉडसाइड डेटामध्ये आडव्या रोधकतेचा वाटा जास्त असतो. इनलाइन आणि ब्रॉडसाइड दोन्ही असतील तरच ॲनआयसोट्रॉपी आणि साठा वेगळे करता येतात. खर्च कापताना सगळ्यात आधी हेच रिसीव्हर वगळले जातात आणि नंतर तेच हवे असतात.

निदान तीन-चार फ्रीक्वेन्सी वापरा. एकीवर विसंबू नका.

## ६. समुद्रावर

सोर्स म्हणजे शे-दोनशे किंवा तीनशे मीटर लांबीचा आडवा डायपोल, म्हणजे दोन टोकांना इलेक्ट्रोड असलेली केबल. तो समुद्रतळापासून तीसेक मीटर वरून ओढतात आणि त्यातून हजार अँपिअरच्या घरातला किंवा त्याहून जास्त प्रवाह सोडतात. खाली काँक्रीटच्या वजनाने बसवलेले रिसीव्हर असतात. काम झालं की ध्वनिसंकेत देऊन वजन सुटतं आणि रिसीव्हर वर येतो.

जहाजावर असाल तर पुढच्या गोष्टी रोज वहीत लिहा:

क. प्रत्येक रिसीव्हरचं घड्याळ पाण्यात सोडण्याआधी आणि वर आल्यावर जीपीएसशी ताडून पाहा. मधला सरक नोंदला नाही तर फेज, म्हणजे लहर किती उशिरा आली ते, चुकते.

ख. रिसीव्हर तळावर कुठल्या दिशेला तोंड करून बसला? होकायंत्राच्या आकड्यावर थांबू नका, डेटावरून दिशा पुन्हा काढा आणि दोन्ही जुळतात का पाहा.

ग. डायपोल सरळ होता की पाण्याच्या ओढीने तिरपा गेला? त्याचं पुढचं-मागचं टोक वर-खाली होतं का? जवळच्या ऑफसेटवर ही चूक सगळ्यात जास्त टोचते.

घ. सोर्स बंद असतानाही रिसीव्हर चालू ठेवा. त्या काळात नैसर्गिक क्षेत्रांचा, म्हणजे मॅग्नेटोटेल्युरिक डेटा फुकटात मिळतो. पातळ आडवा साठा त्याला दिसत नाही. त्यात प्रवाह मुख्यतः आडवा वाहतो, टबातलं ताट आठवा. पण खालचा मीठथर, बेसाल्ट, मोठी रचना कळायला तो उत्तम.

## ७. नॉर्मलायझेशनचा सापळा

क्षेत्राची तीव्रता ऑफसेटबरोबर कशी घटते तो आलेख काढायचा आणि लक्ष्याबाहेरच्या एका “रेफरन्स” रिसीव्हरच्या आलेखाने त्याला भागायचं, ही जुनी सवय आहे. पटकन नजर टाकायला ठीक. पण रेफरन्सखाली पाणी ९०० मीटर आणि लक्ष्यावर ११०० मीटर असेल, तर भागाकारात उतरलेला फरक पाण्याचा असतो.

सावध: भागाकार १.३ आला म्हणून कुणालाही फोन करू नका. आधी रेफरन्स बदला, दुसऱ्या बाजूचा घ्या. उत्तर टिकलं तरच पुढे जा.

## ८. इन्व्हर्जन

सीएसईएमला जाडी आणि रोधकता स्वतंत्रपणे कळत नाहीत, त्यांचा गुणाकार कळतो. ५० मीटर जाडीचा ४० ओहम-मीटरचा थर, १०० मीटरचा २० चा आणि २५ मीटरचा ८० चा, तिघांचाही गुणाकार २००० आहे. समुद्रतळावरून तिघे जवळपास सारखे दिसतात. त्यात इन्व्हर्जनला गुळगुळीत चित्र आवडतं. पातळ, जास्त रोधक थर ते तीनशे-चारशे मीटर जाडीच्या फिकट ढगात पसरवून टाकतं. ढगाच्या मध्यावरचा आकडा वाचून आर्चीत घालणं ही चूक अनुभवी माणसंही करतात.

क. आधी काहीही न लादता इन्व्हर्जन करा. डेटा स्वतःहून काय सांगतो ते पाहा आणि ते चित्र जपून ठेवा.

ख. मग सिस्मिकवरून साठ्याचा माथा आणि तळ द्या, तिथे गुळगुळीतपणाची अट सोडा. आता जाडी सिस्मिककडून आली, तेव्हा रोधकतेला काही अर्थ आला.

ग. सुरुवातीचं मॉडेल बदलून निदान तीनदा चालवा. भिंग जागा बदलत असेल तर ते तुमच्या मॉडेलचं आहे.

घ. उलटी परीक्षा घ्या. भिंग पुसून टाका आणि मिसफिट (मोजलेला डेटा आणि मॉडेलचं उत्तर यांतला फरक) किती बिघडतो पाहा. जवळपास बिघडत नसेल तर डेटाला त्या भिंगाची गरजच नव्हती. मी कुणाचंही काम तपासताना पहिल्यांदा हीच परीक्षा मागतो.

## ९. रोधक आहे. पण काय आहे?

भिंग सगळ्या परीक्षांना उतरलं, तरी ते हायड्रोकार्बन ठरत नाही. मीठ, बेसाल्ट, घट्ट चुनखडक, सिमेंट झालेली वाळू, कोळसा, गॅस हायड्रेट, गोडं पाणी हे सगळे रोधक आहेत. पश्चिम किनाऱ्यावर दख्खनच्या ट्रॅपची, म्हणजे बेसाल्टच्या थरांची, आठवण सतत ठेवा. बडोद्याच्या पश्चिमेला पसरलेल्या खंबात खोऱ्याचा तळही तोच आहे. बॉम्बे हायचा मुख्य साठा चुनखडकात आहे, म्हणजे तिथे आजूबाजूचा खडकही कमी रोधक नाही. पूर्वेकडच्या खोल पाण्यात समुद्रतळालगतच्या हायड्रेटचा विचार आधी करा.

भिंगाची कड रचनेच्या कंटूरशी (समान खोलीच्या रेषांशी) जुळते का? वायू किंवा तेल रचनेच्या माथ्यावर साचतं आणि एका पातळीवर संपतं. बेसाल्ट किंवा घट्ट चुनखडक असं शिस्तीत संपत नाही.

## १०. निर्णयाच्या टेबलावर

“सापडलं” किंवा “नाही” असं लिहू नका. शक्यता किती बदलली ते लिहा. समजण्यासाठी धरलेले आकडे असे: सर्वेक्षणाआधी यशाची शक्यता २५ टक्के. साठा असेल तर भिंग दिसण्याची शक्यता ८० टक्के. साठा नसतानाही दुसऱ्या कशामुळे भिंग दिसण्याची शक्यता ३० टक्के. भिंग दिसलं तर २५ चे ४७ होतात. दिसलं नाही तर ९ च्या खाली येतात.

पटीत मोजलं तर ‘होय’पेक्षा ‘नाही’ने जास्त काम केलं, हे नीट पाहा: ‘होय’ने शक्यता दुप्पटही झाली नाही, ‘नाही’ने ती जवळपास एक-तृतीयांशावर आली. पण ‘नाही’चं हे वजन ८० टक्क्यांवर उभं आहे, आणि ते ८० चौथ्या पायरीतून यायला हवेत. मॉडेलिंगशिवाय “काही दिसलं नाही” ह्या वाक्याला किंमत नाही.

त्या मुलीने दोन आठवड्यांनी काम पुन्हा आणलं. शेलचं गुणोत्तर २ धरल्यावर भिंग फिकट झालं होतं, आणि ते पुसून टाकलं तरी मिसफिट तसाच राहिला. ७५ मीटर पाण्यात, त्या मांडणीने, ५० मीटरच्या थराचा फरक तिला कुठल्याच ऑफसेटवर ४ टक्क्यांच्या वर मिळाला नाही. तिने अहवालात भिंग दिसण्याची शक्यता, साठा असतानाची आणि नसतानाची, दोन्ही सारख्याच लिहिल्या होत्या. त्यामुळे खालच्या ओळीत आधीचे २५ टक्के तसेच राहिले होते, आणि शेजारी तिने पेन्सिलीने लिहिलं होतं: “हा थर असता तरी दिसला नसता.”